मे अखेरची परसबाग: फुलं राखायची की माती?

मे महिना मध्यावर आला की महाराष्ट्रातल्या परसबागांमध्ये, गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांमध्ये एकच पेच पडतो. थंडीत लावलेली टोमॅटो-मिरचीची झाडं अजून उभी असतात, पण फळ धरत नाहीत. पेटुनिया, फ्लॉक्स केव्हाच करपलेले असतात. गुलाबाला फूल येतं ते बारकं आणि फिकट. विहीर तळाला गेलेली, नळाला पाणी दिवसाआड, आणि पाऊस अजून तीन-चार आठवडे लांब. हाताशी असलेलं बादलीभर पाणी घालायचं कुठं, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण पुढच्या सबंध पावसाळ्यात बाग कशी राहील हे त्याच्या उत्तरावर ठरतं. माझं मत स्पष्ट आहे. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात पाण्यावर, खतावर आणि आपल्या कष्टांवर पहिला हक्क मातीचा आणि मुळांचा, फुलाफळांचा त्यानंतर. मे अखेरची बाग चांगली की वाईट, हे तिच्यात फुलं किती यावरून ठरवू नये, पाचोळ्याखालची माती कशी आहे यावरून ठरवावं. हे न पटणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची बाजू लेचीपेची नाही. म्हणून बारा महिने हिरवीगार बाग राखण्याचा आग्रह धरणाऱ्या एका काल्पनिक ताईंना इथं समोर बसवतो आणि त्या बाजूचे आक्षेप त्यांच्या तोंडून मांडतो.

ताई : दादा, तुमच्या म्हणण्यात मूळ हिशेबच चुकतोय. झाडाचं भांडवल म्हणजे ऊन, आणि वर्षातलं सगळ्यात भरघोस ऊन एप्रिल-मेमध्ये मिळतं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे शिक्षक होते. प्रयोग परिवाराच्या कामातून त्यांनी आयुष्यभर हेच समजावलं, की ऊन ही फुकट मिळणारी संपत्ती आहे आणि ती गोळा करायचं साधन म्हणजे पान. मग नेमक्या सुगीच्या दिवसांत वाफे रिकामे ठेवायचे, यात शहाणपण कसलं? शिवाय बाजारात पालेभाजी महाग होते आणि सुकलेली मिळते ती याच दिवसांत. घरच्या भाजीची खरी गरज असते तेव्हाच तुम्ही हात आखडता घ्यायला सांगताय.

मी : दाभोळकरांचं सूत्र मला पूर्ण मान्य आहे, ताई. मात्र ऊन गोळा करायला पान असून भागत नाही, ते पान कामावर असावं लागतं. टोमॅटो, मिरची, वांगं यांचं एकेकटं पान दुपारच्या प्रकाशाच्या साधारण अर्ध्या प्रकाशातच आपला कमाल वेग गाठतं. त्यापुढचं ऊन त्याला अन्न देत नाही, नुसतं तापवतं. तापलेलं पान पाणी वाचवण्यासाठी आपली रंध्रं मिटून घेतं. रंध्रं मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येणं थांबतं आणि अन्न तयार होणं मंदावतं. म्हणजे भरदुपारी ऊन भरपूर असतं, पण पान जवळजवळ सुट्टीवर असतं. फळाची गोष्ट त्याहून अवघड. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या पुढे आणि रात्रीचंही पंचविशीच्या आसपास राहू लागलं की टोमॅटोचे परागकण दुबळे होतात. हे डोळ्यांनी पाहता येतं. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मधेच एक बारीक सांधा असतो. फूल वरून टवटवीत दिसत असतानाच त्या सांध्यापासून वरचा देठ पिवळा पडायला लागतो, आणि एक-दोन दिवसांत नुसतं बोट लागलं तरी फूल देठासकट गळून पडतं. सांध्याखालचा भाग हिरवाच राहतो. फुलामागून फूल असंच जातं. आधी धरलेलं फळ 30 अंशांपुढच्या उष्म्यात नीट लाल होत नाही, कारण लाल रंग देणारं लायकोपीन तेवढ्या उष्णतेत पुरेसं तयार होत नाही. फळ पिवळट-नारिंगीच राहतं. काकडीवर्गातल्या वेलींना कडक उन्हात आणि मोठ्या दिवसांत नरफुलं जास्त येतात, मादीफुलं कमी. अशा झाडांना तुम्ही रोज दोन वेळा पाणी घातलंत तरी ते पाणी फळात उतरत नाही.

यातून वाफे ओसाड ठेवावेत असा अर्थ मी काढत नाही. ऊन पेलणारी पानं निवडावीत, एवढाच अर्थ आहे. माठ आणि राजगिरा यांची प्रकाशातून अन्न करण्याची रीत वेगळी आहे. मका-ज्वारीसारखी ही झाडं भर उन्हातही कार्बन डायऑक्साइड साठवून-साठवून वापरतात आणि तेवढ्याच पाण्यात जास्त पाला देतात. घोळ तर त्याच्याही पुढे जाते. पाण्याची फारच ओढाताण झाली की ती रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि दिवसा वापरते. गवार, चवळी, भेंडी यांनाही उष्मा मानवतो. तेव्हा घरच्या भाजीची गरज एका लहान वाफ्यातल्या माठावर, घोळीवर आणि गवारीवर भागवावी. जानेवारीतला टोमॅटो मे अखेरपर्यंत ओढत नेण्यात तोटाच आहे. उष्म्यानं खंगलेलं झाड लाल कोळ्याचं आणि पिठ्या ढेकणाचं घर होतं. पानाच्या पाठीवर बारीक फिकट ठिपके आणि केसासारखं जाळं दिसलं, म्हणजे कोळी आलाच. पांढरी माशीही अशाच झाडांवर टिकून राहते आणि जूनमध्ये उगवलेल्या कोवळ्या भेंडीवर केवडा रोग घेऊन जाते. हिरवेपणासाठी राखलेलं झाड अशा रीतीनं पुढच्या पिकाला महागात पडतं.

ताई : पिकांची निवड मान्य करू. पण पाण्याचा बाऊ कशाला? तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी आहे, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी आहे, शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी आहे. ते सगळं गटारात सोडण्यापेक्षा बागेत घातलं तर कुणाच्या तोंडचं पाणी पळतंय?

मी : आधी आकडे पाहू. जमिनीवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर. मे महिन्यात घाटमाथ्याच्या पूर्वेकडे पानांनी पूर्ण झाकलेला, नीट भिजवलेला वाफा दिवसाला साधारण 7 ते 8 मिलिमीटर पाणी हवेत सोडतो. म्हणजे 10 चौरस मीटरचा, एका लहान खोलीएवढा वाफा हिरवागार राखायला रोज 70 ते 80 लिटर पाणी लागतं. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी रोज 135 लिटर धरून आखल्या जातात. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा एका वाफ्याला गेला. शेजारच्या वस्तीत टँकरची वाट पाहिली जात असताना हा हिशेब नजरेआड करता येत नाही. वापरलेलं पाणी बागेला द्यावं हे खरं, पण ते निवडून द्यावं. तांदळाचं, डाळीचं, भाज्यांचं धुवण निर्धास्त घालावं. साबणाच्या पाण्यात सोडियम असतो आणि शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यातलेच क्षार दाट होऊन उतरलेले असतात. विदर्भात कूलरच्या टाकीत तळाला उरणारं पाणीही तसंच. पावसाळ्यात हे क्षार धुऊन खाली जातात. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कुंडीच्या काठावर, मातीच्या तोंडावर पांढरा थर दिसतो तो हाच. पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, आणि आपण उन्हाला दोष देऊन आणखी तेच पाणी घालतो. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं. ते कुंड्यांना चांगलं.

म्हणून मी पाणी किती यापेक्षा ते कुठं पोचतं याकडे बघायला सांगतो. रोज संध्याकाळी झारीनं शिंपलेलं पाणी वरच्या बोटभर मातीत राहतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जातं. मुळंही मग त्याच थरात, तापत्या मातीत पसरतात. तेच पाणी आठवड्यातून दोनदा, पहाटे, सावकाश आणि भरपूर दिलं तर खोल जातं आणि मुळांना खाली ओढून नेतं. आंबा, लिंबू, पेरू, कढीपत्ता यांना ते खोडाशी घालू नये, पानांच्या घेराच्या कडेखाली द्यावं. पाणी पिणारी मुळं तिथं असतात. वेलींच्या आळ्यात बिनरोगणाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर माती सुकेल तसं पाणी पाझरतं. आणि या सगळ्यावर पाचोळ्याचा पाच-सात सेंटिमीटर जाड थर हवाच. फेब्रुवारी ते एप्रिल पानझडीत आपल्याकडे पाचोळ्याचे ढीग पडतात आणि उसाच्या पट्ट्यात पाचट मिळतं. हा थर नसेल तर वरून ओतलेल्या प्रत्येक बादलीतला मोठा हिस्सा सूर्य परत घेतो.

ताई : इथं तुम्ही परंपरेच्या उलट जाताय. आपला शेतकरी उन्हाळ्यात नांगरून जमीन उघडी टाकतो आणि चांगली तापू देतो. कोकणात राब भाजतात. किडी, तण, रोग उन्हानं आणि आगीनं मरतात, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. आणि तुम्ही म्हणता माती झाका! तापवायची की झाकायची, एकदा काय ते ठरवा.

मी : हा आक्षेप सगळ्यात मोलाचा आहे, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उष्णतेनं रोग मरतात याला आधुनिक आधारही आहे. 1976 मध्ये इस्रायलच्या जाकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारदर्शक प्लास्टिकखाली माती तापवून मर रोगाच्या बुरशीचा बंदोबस्त करता येतो हे दाखवलं. त्या पद्धतीत माती आधी भिजवतात, कारण ओली माती उष्णता खोलवर नेते. वर पारदर्शक कागद ताणून कडा मातीनं दाबतात आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवतात. काळ्या कागदाखाली माती तितकी तापत नाही. ज्या वाफ्यात टोमॅटो-वांगी उभ्या-उभ्या वाळली, ज्याच्या मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी सापडल्या, त्या वाफ्याला हा उपाय एप्रिलच्या मध्यापासूनच करावा. पण उष्णता रोगकारक जीव तेवढे मारते आणि उपकारक जीवांना सोडते असं होत नाही. निरोगी मातीतली गांडुळं आणि बहुतेक सूक्ष्मजीव त्याच उष्म्यात मागे हटतात. शेतकऱ्याचं रान एकरात असतं. त्यावर पाचोळा पसरणं त्याला परवडत नाही आणि उन्हाळी नांगरटीनं त्याची कठीण ढेकळं फुटतात. परसातल्या चार वाफ्यांना ती अडचण नाही. रोगट वाफा तापवावा, बाकीचे झाकावेत, असा माझा निवाडा आहे.

भाजावळीबद्दल मात्र मी ठाम आहे. कोकणातला राब ही भाताच्या रोपांची, विशिष्ट जमिनीची आणि पावसाची रीत आहे. तिचं अनुकरण म्हणून शहरातल्या बंगल्यामागे पाचोळा पेटवणं हा निव्वळ तोटा. जाळलेल्या पानातला नत्र हवेत जातो, सेंद्रिय कर्ब जातो, उरते ती मूठभर राख. धुराचा त्रास शेजाऱ्यांना होतो आणि घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा उघड्यावर जाळायला मनाईही आहे. तोच पाचोळा मातीवर पसरला तर पहिल्या वळिवाला ढालीसारखा उपयोगी पडतो. वळिवाचे टपोरे थेंब उघड्या, भुसभुशीत मातीवर आदळतात तेव्हा मातीचे बारीक कण सुटून छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं. वर उडालेल्या चिखलाबरोबर जमिनीतली बुरशी खालच्या पानांवर चढते. झाकलेल्या मातीत तोच पाऊस मुरतो.

ताई : मातीचं सगळं खरं, पण बाग म्हणजे काही मातीची प्रयोगशाळा नाही. डोळ्यांना, मनाला गारवा हवा असतो तो याच दिवसांत. फुलं नसतील तर मधमाश्यांनी, पाखरांनी कुठं जायचं? मोगऱ्यावाचून उन्हाळा कुणाला हवाय?

मी : मोगरा सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. मोगरा हेच माझ्या बाजूचं उत्तम उदाहरण आहे. थंडीत त्याचं पाणी तोडलं, पानं झडू दिली, छाटणी केली, तरच मार्चपासून तो कळ्यांनी भरतो. त्याची विश्रांती हिवाळ्यात, कामाचे दिवस उन्हाळ्यात. मे महिन्यात त्याला पाणी द्यावं, कारण ते पाणी फुलात उतरतं. बोगनवेल याच्या उलट. भरपूर पाणी दिलं तर ती पाला वाढवते, थोडी ताणावर ठेवली तर रंगानं भरून जाते. सदाफुलीला थोड्या पाण्यात भागतं. चिनी गुलाब सकाळच्या उन्हात उमलून दुपारी मिटतो. आणि फुटबॉल लिली, जिला कुणी मे फ्लॉवर म्हणतात, तिचा कंद थंडीभर जमिनीत निजलेला असतो आणि याच महिन्यात लालभडक गोल फुलोरा वर काढतो. या फुलांनी मन निवत नाही असं कोण म्हणेल? माझा विरोध आहे तो थंडीची फुलं मे महिन्यात जबरदस्तीनं जगवण्याला. मधमाश्यांचं म्हणाल, तर बहावा आणि करंज याच सुमारास बहरात असतात. आपल्या बागेनं त्यात भर घालावी ती तुळशीच्या, सब्जाच्या मंजिऱ्या न खुडता ठेवून. रोपवाटिकेतली दुहेरी पाकळ्यांची संकरित फुलं दिसायला भरगच्च, पण त्यांच्यातल्या पुष्कळांत मध आणि पराग कमी असतात किंवा हाती लागत नाहीत. पाखरांसाठी सावलीत उथळ भांडं ठेवून त्यातलं पाणी रोज बदललं, तर हिरवळीवर फवारलेल्या शंभर लिटरांपेक्षा त्यांची सोय जास्त होते.

ताई : एक शेवटची शंका. तुमची सगळी भिस्त येणाऱ्या पावसावर आहे. पण पाऊस काय तुमच्या पंचांगाप्रमाणे येतो? तयारी करून बसलात आणि तो महिनाभर लांबला, तर?

मी : पावसाचा भरवसा नाही, म्हणून तर मातीचा धरायचा. हवामान खात्याच्या नोंदींत मान्सूनची सर्वसाधारण तारीख केरळसाठी 1 जून आणि मुंबईसाठी 11 जून आहे. 2023 मध्ये तो मुंबईत 25 जूनला पोचला. 2025 मध्ये 26 मेलाच येऊन थडकला. दोन वर्षांच्या अंतरानं बरोबर महिनाभराचा फरक. जो माणूस मृग लागल्यावर वाफे करायला घेतो त्याला 2025 सारखं वर्ष गाठूच देत नाही. चिखलात खुरपं चालत नाही. आणि जो मे अखेरपर्यंत सगळं पाणी फुलझाडांवर संपवतो त्याची कलमं 2023 सारख्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मान टाकतात. झाकलेली माती दोन्ही वर्षांना पुरते. लवकर पाऊस आला तर ती तयार असते, उशिरा आला तर ओल धरून असते. याला आणखी एक कारण आहे. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी 1958 मध्ये दाखवलं, की कोरडी पडलेली माती पहिल्यांदा भिजते तेव्हा सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि काही दिवस मातीत नत्राचा लोंढा सुटतो. त्या दिवसांत बी रुजलेलं असेल, कंद फुटलेले असतील, तर ते नत्र झाडाला मिळतं. नाहीतर पुढच्या मुसळधार सरींत ते धुऊन खाली जातं. म्हणून वेलींची आळी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास करून त्यांत कुजलेलं शेणखत भरावं. मांडवाचे खांब कोरड्या जमिनीत आत्ताच पुरावेत. हळद, आलं, सुरण, अळू यांचे कंद मे अखेरीस पाचोळ्याखाली लावावेत. पाऊस लांबला तर त्यांना हातानं थोडं पाणी पुरतं. दोडका, पडवळ, कारली, घोसाळी, भोपळा यांचं बी हाताशी असावं. दसऱ्याच्या झेंडूचा वाफा कुठला, हेही ठरलेलं असावं. पावसाला आपण तारीख देऊ शकत नाही, पण आपल्या बाजूनं उशीर होणार नाही एवढं पाहू शकतो.

ताई : ज्यांच्याकडे परस नाही, गच्चीत पाच-सात कुंड्याच आहेत, त्यांनी तुमचं हे मातीपुराण कुठं लावायचं?

मी : तिथं तर ते सगळ्यात आधी लागू पडतं. जमिनीतल्या मुळाला खाली जायला वाट असते, कुंडीतल्या मुळाला नसते. काँक्रीटच्या तापल्या स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत दुपारी माती इतकी तापते की कडेची मुळं भाजून मरतात. पानं कोमेजलेली दिसली म्हणून वरून पाणी ओतलं तरी ते शोषायला मुळंच उरलेली नसतात. कुंड्या विटांवर उचलाव्यात, एकमेकींना खेटून ठेवाव्यात म्हणजे एकीची सावली दुसरीला मिळते, वर निम्मी सावली देणारी हिरवी जाळी बांधावी, आणि प्रत्येक कुंडीच्या तोंडावर पाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या घालाव्यात. ज्या कुंडीतलं झाड संपलं आहे ती पाणी घालून टिकवू नये; माती ओतून घ्यावी, जाड मुळं काढावीत, त्यात कंपोस्ट मिसळून सावलीत झाकून ठेवावी. पाच कुंड्यांपैकी दोन अशा विश्रांतीवर गेल्या, एकीत मोगरा, एकीत माठ आणि एकीत तुळस राहिली, तर ती गच्ची उजाड म्हणता येणार नाही. ताई, हिरवेपणाचा तुमचा आग्रह मला मोडायचा नाही; मला त्याचा क्रम बदलायचा आहे. आधी मातीवर आच्छादन, मग बारमाही झाडांच्या मुळांना खोल पाणी, मग उन्हाळ्याचीच फुलं आणि भाज्या, आणि यातून काही उरलं तरच बाकीचं. या क्रमानं चाललेली बाग मे महिन्यात शेजारच्या बागेपेक्षा थोडी कमी हिरवी दिसेल, हे मी मान्य करतो. पण श्रावणात भाजी कुठल्या मांडवावरून उतरते आणि गणपतीला फुलं कुणाच्या वाफ्यात मिळतात, हे पाहून मग दोन्ही बागांची तुलना करावी.